परभाषेच्या उंबरठ्यावर

दूरदेशीच्या युद्धाची बातमी आपण वाचतो, तेव्हा तिच्यात बहुधा सेनापती, मंत्री आणि आकडे असतात. ज्यांच्या घरांवर बाँब पडतात, त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. वार्ताहरांचे धैर्य कमी पडते असे नाही; पुष्कळदा त्यांना त्या लोकांची भाषाच येत नसते. दुभाष्यामुळे माहिती मिळते. पण बोलण्यातली भीती, थट्टा वा अर्धवट सोडलेले वाक्य त्यातून निसटून जाते.

म्हणूनच अँथनी शदीद या अमेरिकन वार्ताहराची कारकीर्द मला मोलाची वाटते. त्यांचा जन्म १९६८ साली ओक्लाहोमा राज्यात झाला. पूर्वज लेबनॉनचे, तरीही लहानपणी त्यांना अरबी भाषा येत नव्हती. ती ते मोठेपणी, प्रथम विद्यापीठात व पुढे कैरो येथे, परिश्रमपूर्वक शिकले.

२००३ साली अमेरिकेने इराकवर आक्रमण केले, तेव्हा 'वॉशिंग्टन पोस्ट'चे वार्ताहर म्हणून ते बगदादमध्ये राहिले. सैन्याच्या तुकडीबरोबर न जाता ते सामान्य कुटुंबांत जाऊन बसले. त्या वार्तांकनासाठी त्यांना २००४ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. इराकमधील वार्तांकनासाठीच २०१० साली तो पुन्हा मिळाला. 'नाइट ड्रॉज निअर' या त्यांच्या ग्रंथात चौदा वर्षांच्या एका इराकी मुलीच्या रोजनिशीलाही स्थान आहे. युद्धाच्या इतिहासात एरवी अशा मुलीची नोंद कोण घेतो?

या कार्याची किंमतही मोठी होती. २००२ साली रामल्ला येथे शदीद यांना गोळी लागली. २०११ साली लिबियात ते तीन सहकाऱ्यांसह पकडले गेले. ते सुटले, परंतु त्यांच्या गाडीच्या चालकाला प्राण गमवावे लागले. १६ फेब्रुवारी २०१२ रोजी सीरियात वार्तांकन करीत असताना दम्याच्या झटक्याने, वयाच्या ४३ व्या वर्षी, शदीद यांचे निधन झाले. बातमीसाठी एवढे मोल द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटत नाही. त्या चालकाचे स्मरण ठेवूनच ते शोधावे लागेल.

एवढे मात्र निश्चित, की शदीद यांच्या धाडसाइतकेच त्यांचे अध्ययनही गौरवास पात्र आहे. धाडस सर्वांना साधत नाही; उशिरा का होईना, दुसऱ्याची भाषा शिकणे मात्र आपल्यापैकी अनेकांना साधण्याजोगे आहे. ज्याची भाषा आपण शिकतो, त्याला परका समजणे कठीण होते.