ओलावा मापता, मग बॅटरी का नाही?

आज पिकाचं नाही, लाईटीचं लिहितोय. गेल्या आठवड्यात वस्तीवर आणखी तिघांनी इन्व्हर्टर बसवले. तिघांनाही दुकानात एकच सांगितलंय, "आठ तास बिनघोर चालतंय."

मलाही हेच सांगितलं होतं. आईसाठी ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं तेव्हा इन्व्हर्टर आणि १५० एएचची नवी बॅटरी घेतली. एका रात्री लाईट गेली आणि साडेतीन तासांतच इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. शेजारच्यांचा जनरेटर होता म्हणून निभावलं. ती रात्र मी विसरणार नाही.

मग मापायला बसलो. मशीन ३०० वॅटचं. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला, तोही ३०० च दाखवतो. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. भागिले ३०० केलं तर सहा तास. दुकानदाराचे आठ कुठून आले ते त्यालाच ठाऊक.

खरी गोम बॅटरीच्या वायरीवर कळली. तिथं क्लॅम्पमीटर लावला तर ३० अँपिअर. व्होल्टेज १२.२. गुणाकार करा, ३६६ वॅट. म्हणजे ६६ वॅट इन्व्हर्टरच खातोय! सगळं बंद करून बघितलं तरी सव्वा अँपिअर चालूच. (क्लॅम्पमीटर डीसी मापणारा पाहिजे. नुसता एसीवाला बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतो, मी आधी तोच आणून फसलो.)

आता ३० गुणिले साडेतीन, झाले १०५. बाकीचे ४५ एएच कुठं गेले? तर बॅटरीवरचा १५० चा आकडा हा २० तासांत सावकाश, साडेसात अँपिअरनं रिकामी केली तर मिळणारा. चौपट ओढलं की ती तेवढं देत नाही. हे दुकानात कुणी बोललं? खोक्यावर मोठ्या अक्षरात व्हीए लिहिणार, किती वॅटला किती तास ते नाही लिहिणार. शिवाय ८५० व्हीए म्हणजे ८५० वॅट नव्हे, हेही आपणच शोधायचं.

काहीजण म्हणतात, एवढी चिकित्सा कशाला, पंखा फिरला म्हणजे झालं. अरे बाबांनो, आपलं सोयाबीन घेताना व्यापारी मशीन लावून ओलावा बघतो, १२ टक्क्यांवर गेला की पैसे कापतो. तेव्हा आपण गुमान ऐकतो. आणि आपण हजारो रुपये मोजून बॅटरी घेतो तेव्हा मात्र तोंडी हिशोब!

घ्यायच्या आधी दुकानात तुमच्या वापराएवढा लोड लावायला सांगा, बॅटरीच्या वायरीवर अँपिअर बघा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

आईसाठी आता भरलेला सिलिंडर घरात ठेवलाय, बॅटरीवर मी तीनच तास धरतो. क्लॅम्पमीटर माझ्याकडे आहे, कुणाला पाहिजे तर घेऊन जा. फक्त दिवस मावळायच्या आत परत आणा.