माशानं घेतलेलं संकट

घरातलं माणूस आजारी पडलं तर कपाळाला हात लावून ताप बघता येतो. म्हैस आजारी पडली तर तिचे कान चाचपता येतात. पण मासा आजारी पडला तर हात लावायचा कुठं? फार तर स्वतःच्या कपाळाला. आमच्या सोन्याच्या दुखण्यात मी तो आठ दिवस लावून बसलो होतो.

सोन्या हा आमचा गोल्डफिश. तो घरात आला तो इंदापूरच्या साडूंच्या आग्रहानं. आमचे साडू वास्तुशास्त्र कोळून प्यायलेले आहेत. (त्यांच्या घराचं दार आजवर तीनदा फिरलंय, दैव कुठल्याच दारातून आत आलेलं नाही, हा भाग वेगळा.) "ईशान्येला मासा ठेवा," ते म्हणाले, "घरावरचं संकट तो स्वतःवर घेतो."

मी बारामतीतल्या एका दुकानातून काचेचं गोल भांडं, मूठभर निळे खडे आणि एक मासा असं संकटनिवारणाचं साहित्य घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "काही करावं लागत नाही, साहेब. चिमूटभर खाणं टाकलं की झालं."

चिमूटभर! आपल्याकडे पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं की एक पोळी जास्त वाढायची पद्धत. सकाळी सौ. खाणं टाकायची, दुपारी धाकटी, संध्याकाळी मी, आणि शेजारच्या काकू येता-जाता पोळीचा तुकडा. गोल्डफिशला जठरच नसतं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या पाहुणचाराला निसर्गानं त्याच्या पोटात जागाच ठेवली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात सोन्या एका कुशीवर पोहू लागला. मग अंग फुगलं आणि खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहिले. लगेच सल्ले सुरू झाले. काकू म्हणाल्या, हळद टाका. हळद टाकली, तर सोन्या लोणच्यातल्या फोडीसारखा दिसू लागला. दुकानदारानं निळं औषध दिलं. पिवळ्यात निळं पडून पाणी हिरवं झालं. शेवटी भांडं पोटाशी धरून मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. रांगेत माझ्यापुढं दोन जर्सी गाई होत्या.

डॉक्टरांनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाणी कधी बदललं?"

"कालच," मी अभिमानानं म्हणालो. "सगळं ओतून, भांडं अन् खडे घासून, नळाचं ताजं पाणी भरलं."

"म्हणजे दोनदा मारलात," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी शरमलो. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याच्या अंगातला अमोनिया उतरतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनियाच. नदीत तो पसरून विरतो; भांड्यात माशाचे कल्ले जाळतो. हे विष पचवणारे जिवाणू असतात, पण नव्या टाकीत त्यांचा संसार बसायला महिना-दीड महिना लागतो. तो बसायच्या आतच मी सगळं लख्ख घासलं, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ओतलं.

उपाय अगदी साधा होता. मोठं भांडं, दोन दिवस उपास, आणि उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेलं पाणी रोज थोडं-थोडं बदलायचं. यात विकत घेण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच बहुधा ते मला दुकानात कुणी सांगितलं नाही. म्हणजे आधी आजारी पडलं ते पाणी, आणि ते पाडलं मी. आणि औषध मात्र मी माशाला देत होतो!

सोन्याला धुण्याच्या टबात हलवलं. पण खवले उभे राहिल्यावर मासा सहसा वाचत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. फारच हाल झाले तर लवंगेच्या तेलानं त्याला शांतपणे झोपवता येतं, म्हणाले. तेल आणलं. बाटली दोन दिवस फडताळात राहिली, धीर होईना.

तेवढ्यात साडू आले. टबात डोकावून म्हणाले, "उजनीत सोडून द्या. मोकळ्या पाण्यात बरा होईल. शिवाय पुण्य लागेल."

इथं मात्र माझा तोल गेला. अहो, 1980 साली पुरं झालेलं 117 टीएमसीचं ते धरण म्हणजे काय आमच्या आजारी माशांची धर्मशाळा? पुण्याचं म्हणाल तर पुण्याचं सगळं आधीच तिथं येऊन पडतं, मुळा-मुठेतून! आणि सोडलेल्यांचं काय होतं ते भिगवणच्या मासळी बाजारात जाऊन बघा. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून हौसेनं आणलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत मावेना झाला की लोक 'जा बाळा, सुखी राहा' म्हणून पाण्यात सोडतात. आता तो उजनीत बाळसं धरून बसलाय. अंगावर चिलखत, जाळी फाडतो, आणि विकायला गेलं तर कुणी घेत नाही. चिलापी-कटल्याच्या आशेनं जाळं टाकणारा एक मच्छीमार मला म्हणाला होता, "साहेब, पुण्य तुमचं, पण जाळं माझं!"

सोन्या त्याच रात्री टबातच गेला. सकाळी धाकटीनं त्याला जास्वंदीखाली पुरलं आणि शाळेत जाताना एकदाच विचारलं, "बाबा, पाणी आधीच नीट बदललं असतं तर?" मी दप्तराचा पट्टा सारखा करत राहिलो.

दुपारी साडूंचा फोन. "वाईट वाटून घेऊ नका. घरावरचं संकट घेऊन गेला बघा."

आपल्या सुशिक्षित घरांतलं हे सगळ्यात स्वस्त निर्दोषपणाचं सर्टिफिकेट! मासा उपाशी मेला, जास्त खाऊन मेला, घाणीनं मेला, क्लोरीननं मेला, कशानंही मेला तरी उत्तर एकच : संकट घेऊन गेला. मग टाकी विसळायची आणि दुसरा मासा आणायचा. मी साडूंना म्हटलं, "खरं आहे तुमचं. संकट त्यानं अंगावर घेतलं. फक्त ते घरावर आलेलं नव्हतं, घरातच होतं. दोन वेळा खाणं टाकत होतं."

साडूंनी फोन ठेवला. चार दिवसांनी मेव्हणीकडून निरोप आला की ईशान्य कोपरा रिकामा ठेवू नये.

त्या भांड्यात आता सौ. लसूण ठेवते. संकटाला यायचं असेल तर खुशाल यावं. मध्ये मासा नाही. त्याला आता सरळ मलाच भेटावं लागेल.