कावीळ आणि पाण्याची घागर



१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीस यमुनेतून मिळणाऱ्या पिण्याच्या पाण्यात गटाराची घाण मिसळली व सुमारे २९ हजार लोकांस कावीळ झाली. ती ‘ई’ जातीची होती, हे शास्त्रज्ञांस पुष्कळ वर्षांनी उमगले. निरोगी माणूस तीतून बहुधा आपोआप बरा होतो. परंतु दूषित रक्त वा सुईवाटे येणाऱ्या ‘सी’ विषाणूने ज्याचे यकृत आधीच झिजविले आहे त्यास, तसेच गरोदर मातेस, ती प्राणघातक ठरू शकते.

म्हणून फोपनारच्या घरोघरी आमचे सांगणे: पाणी उकळून प्या. ‘सी’ची तपासणी करून घ्या, लाजेपोटी रोग लपवू नका, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्यावर औषध विनामूल्य मिळते. तहानलेल्यास दिलेला पेला प्रभूस पोहोचतो. तो निर्मळ असावा.