झाडू घेतला, कीर्तन सोडले

रविवारच्या सकाळी पन्हाळ्याच्या उतारावर किंवा रंकाळ्याच्या काठी हातमोजे घातलेली तरुण मुलेमुली कचऱ्याची पोती भरताना दिसतात. ते दृश्य पाहून कोणाचेही मन भरून यावे, आमचेही येते. आमचा आक्षेप त्या मुलांवर नाही. आक्षेप आहे तो त्यांच्यावर उधळल्या जाणाऱ्या कौतुकावर. या कौतुकाच्या आडून आपण सारेच आपापली जबाबदारी झटकीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरकरांना सेवाभाव शिकवावा लागत नाही. २०१९ साली महानगरपालिकेने नागरिकांना बरोबर घेऊन दर रविवारी स्वच्छतेची मोहीम चालविली. पंचगंगेचा घाट, जयंती नाला, रंकाळा येथे माणसे राबली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. पाणी ओसरले तेव्हा नदीकाठच्या झाडांना प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. आपण टाकलेले नदीने आपल्याच दारी आणून टाकले होते. गाळ उपसण्यास पुन्हा सेवाभावी माणसेच पुढे आली. परंतु उचलणारे दिवसा उचलतात आणि टाकणारे रात्री टाकतात. साफ केलेल्या जागी नवा टेम्पो रिता होतो. मग सेवा कोणाची झाली? झाडांची, की टेम्पोवाल्याची?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांस विचारण्याआधी स्वतःस विचारला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाचा सण झाला. जेवणावळीनंतर पत्रावळ्या, पेले, फलक यांचा ढीग उरला. एका टेम्पोवाल्यास पैसे देऊन आम्ही तो उचलविला. कोठे नेणार, हे विचारले नाही. अंगण स्वच्छ झाले, एवढ्यावर समाधान मानले. पुढे तरुणांबरोबर शहराबाहेरच्या झाडीत कचरा वेचीत असता त्या ढिगातून आमच्याच सणाचा फलक निघाला. मुले काही बोलली नाहीत. त्यांचे ते न बोलणे आम्ही अद्याप विसरलो नाही.

आता शासनाकडे वळू. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन अनुच्छेद एकाच वेळी संविधानात आले. अनुच्छेद ४८ क म्हणतो की, पर्यावरणाचे, वनांचे आणि वन्यजीवांचे रक्षण करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. अनुच्छेद ५१ क हेच कर्तव्य नागरिकांस सांगतो. स्वच्छता मोहिमांच्या सांगता समारंभांत मान्यवरांना दुसरा अनुच्छेद हटकून आठवतो. पहिल्याचा उच्चारही होत नाही. शहराचा कचरा उचलणे हे महानगरपालिकेचे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. ते करण्यासाठी आपण कर भरतो. जे हक्काने मिळावयास हवे, ते मुलांच्या दयाबुद्धीवर सोपवून वर प्रशस्तिपत्रके वाटणे, यास आम्ही सन्मान म्हणत नाही.

आणखी एक विसंगती पाहा. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आपल्या राधानगरी अभयारण्याचा समावेश झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. तथापि घाटरस्त्यांच्या कडेला गुटख्याच्या पुड्या वेचाव्याच लागतात. जी वस्तू राज्यात विकलीच जाऊ नये, तिचे रिकामे वेष्टन विद्यार्थिनीने काट्यांतून हात घालून काढावे! २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तिचीही कथा निराळी नाही. २०२५ साली पन्हाळाही जागतिक वारसा झाला. आता पाहुणे वाढतील. बाटल्याही वाढतील. वारशाचा फलक लावणारे हात आणि उतारावरून बाटल्या काढणारे हात वेगवेगळेच राहणार काय?

“म्हणून साफसफाई थांबवावी काय?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. झाडाच्या मुळाशी काचा पडलेल्या असता वादविवाद करीत बसणे हे निर्दयपणाचे होईल. पण पाप कबूल करून तेच पुन्हा करण्याची मोकळीक घेणाऱ्यास आम्ही पश्चात्तापी म्हणत नाही. शहरालाही तोच न्याय लागू आहे.

गाडगेबाबांची आठवण येथे अपरिहार्य आहे. बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहून त्याच गावाला खडसावून प्रश्न विचारीत. गावकऱ्यांची झोप उडे ती त्या प्रश्नांनी. आपण त्यांचा झाडू तेवढा उचलला, कीर्तन सोडून दिले.

तेव्हा तरुणांना आमचे सांगणे आहे : पोती भरा, परंतु पोत्यांत काय निघाले याची यादी करा. हा राडारोडा कोणत्या बांधकामाचा, हे ताट कोणत्या कार्यालयातले, ही पुडी कोणत्या दुकानातली, हे लिहा. ती यादी वनखात्याकडे आणि महानगरपालिकेकडे द्या, पोच घ्या, आणि पुढच्या रविवारी उत्तर मागा. त्या यादीत आमच्या धर्मग्रामाचे नाव निघाले, तर तेही खोडू नका.