बाळाचं वजन कमी भरलं, की दोष आईच्या जेवणाचाच?

"नऊ महिने नीट खाल्लं नसेल हिनं." बाळाचं वजन दोन-सव्वादोन किलो भरलं की बाळंतिणीला हे हमखास ऐकावं लागतं. पण आई पोटभर जेवूनही बाळ पोटात उपाशी राहू शकतं. कारण अनेकदा वारेत असतं.

आकडे काय सांगतात?

जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी वजन म्हणजे 'कमी वजनाचं बाळ'. अशा बाळांचं प्रमाण २०२५ पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचं, असं जागतिक आरोग्य सभेत २०१२ साली ठरलं. प्रत्यक्षात जगातलं प्रमाण २०१२ मध्ये १५ टक्के होतं, २०२० मध्ये १४.७ टक्के. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं कमी वजनाची होती.

वार नेमकं काय करते?

वारेलाच डॉक्टर प्लासेंटा म्हणतात. आईच्या रक्तातला प्राणवायू आणि पोषण ती नाळेतून बाळापर्यंत पोहोचवते. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. त्या अरुंदच राहिल्या तर वारेला रक्त कमी मिळतं आणि बाळाची वाढ मंदावते. याच बिघाडातून आईचा रक्तदाबही वाढू शकतो.

वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, किंवा वेळेआधीच सुटली, तर रक्तस्राव होतो आणि बाळंतपण लवकर करावं लागतं. मग दिवस पूर्ण न भरल्यामुळे वजन कमी भरतं.

मग आहाराचं महत्त्व नाही?

आहे. कुपोषण, रक्तक्षय, कमी वयातलं गर्भारपण ही कारणं खरीच आहेत. तंबाखूही त्यातच येते. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी असल्याचं मुंबईतल्या एका अभ्यासात २००४ साली दिसलं. पण वारेचा रक्तपुरवठाच कमी असेल तर फक्त तूप-लाडू वाढवून तो सुधारत नाही.

आधी कळू शकतं का?

बऱ्याचदा कळतं. प्रत्येक तपासणीत रक्तदाब पाहणं आणि पोटाची उंची टेपनं मोजणं हे सर्वात स्वस्त उपाय. वाढ कमी वाटली तर डॉपलर सोनोग्राफीत नाळेतला रक्तप्रवाह दिसतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

बिघडलेली वार दुरुस्त करणारं औषध अजून नाही. पण जोखीम लवकर ओळखली तर डॉक्टर कमी मात्रेतलं ॲस्पिरिन सुरू करू शकतात. ते स्वतःहून घेऊ नये. बाळंतपण कधी आणि कुठे करायचं, हेही आधी ठरवता येतं. नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय वेळेत गाठणं, यावर अनेकदा बाळाचा जीव अवलंबून असतो.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात सतत कळ किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

जन्मानंतरचा वजनकाटा फक्त निकाल सांगतो. त्याआधीच्या महिन्यांत रक्तदाब किती वेळा मोजला गेला आणि पोटाला टेप किती वेळा लागला, हा प्रश्न आईला नाही, आरोग्य व्यवस्थेला विचारायला हवा.