मराठी कळते, तरी आजार का कळत नाही? ऊसतोड हंगाम आणि आपले दवाखाने

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ तालुक्यात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबे येतात. त्यांत वंजारी, बंजारा, दलित, मुस्लिम असे सगळे असतात. इथे राहणाऱ्यांतही मराठीबरोबर कन्नड बोलणारी घरे आहेत, सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन कुटुंबे आहेत, रोजे ठेवणारे आहेत. डॉक्टर, नर्स आणि आशाताईंनी या सगळ्यांचे राहणीमान समजून उपचार करणे, याला सांस्कृतिक सक्षमता म्हणतात. नाव जड आहे, काम साधे आहे.

ते नसले की काय होते हे बीडमध्ये दिसले. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यात काही डॉक्टरांचा पैशाचा लोभ होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लोभाला वाट कशी मिळाली, तेही पाहा. बाई सांगते, 'अंगावर पांढरं जातंय, कंबर दुखतीय.' समोरचा 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' म्हणतो आणि ती घाबरते. तिचा दिवस कसा जातो, हे कोणी विचारत नाही. ती पहाटे अंधारात फडावर जाते, डोक्यावरून मोळ्या वाहते, शौचालय नसल्याने पाणी कमी पिते, पाळीत कपडा धुवायला जागा नसते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, एक दिवस बुडला तर 'खाडा' पडून पैसे कापले जातात. म्हणून पाळीच बंद झाली तर बरे, असे तिलाही वाटू लागते.

पांढरे जाण्यामागे अनेकदा जंतुसंसर्ग असतो. तो तपासणी आणि गोळ्यांनी बरा होतो. गर्भाशय काढणे हा त्यावरचा पहिला उपाय नाही. कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

बीडमध्ये नंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगले झाले. पण परवानगीचा कागद बाईशी बोलत नाही. माझ्या मते, ओपीडीची वेळ आणि फडाची वेळ जुळत नसेल तर कर्मचाऱ्यांना कितीही प्रशिक्षण द्या, फरक पडणार नाही. तपासणी संध्याकाळी आणि पालावर जाऊनच व्हायला हवी.

हा प्रश्न फक्त गरिबांचा किंवा बाहेरून आलेल्यांचा नाही. जैन घरातले मधुमेही आजोबा साडेपाचला जेवतात आणि चिठ्ठीवर 'रात्री' लिहिलेली ग्लिमेपिराइडची गोळी नऊला घेतात. त्यानंतर सकाळपर्यंत पोटात काही जात नाही. साखर खाली येऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. चिठ्ठीवर 'रात्री' ऐवजी 'संध्याकाळच्या जेवणाबरोबर' लिहिले तर हा धोका कमी होतो. रोज्यांच्या महिन्यातही डोस आणि वेळा आधीच ठरवून घ्याव्या लागतात. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. ते कळल्यावर काहीजण औषध गुपचूप बंद करतात. विचारले तर बहुतेक वेळा गोळी किंवा पातळ औषधाचा पर्याय निघतो.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' हा वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवादाचा भाग आला. माझ्या पिढीने हे रुग्णांकडूनच शिकायचे होते. न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांचा विचार मला जास्त पटतो. उपचार आपल्याला साजेसे, सुरक्षित होते की नाही, हे रुग्णाने ठरवायचे. शंभर जातींचे रिवाज पाठ करण्यापेक्षा 'मावशी, तुम्ही जेवता कधी, कामाला निघता कधी?' हे विचारणे सोपे आहे.

तुमच्याकडून इतके करा. उपवास, जेवणाची वेळ, कामाची वेळ न विचारताही सांगा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बदलू नका. 'पिशवी काढा' असे कोणी म्हणाले तर सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. तुमच्या शेतात टोळी आली असेल तर त्यांतल्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना आशाताईंशी गाठ घालून द्या. सरकारी लसीकरण मोफत आहे, गाव कुठलेही असो. गावाकडचे माता-बाल कार्ड मात्र सोबत आणायला सांगा. कळा सुरू झाल्या तर 102 किंवा 108 वर फोन करा, आणि पत्ता सांगताना टोळी कोणाच्या फडात आहे, तेही सांगा.