विश्वभाषेचा जावईशोध

इंग्रजी ही जगाची भाषा व्हावी, नव्हे ती झालीच आहे, असा निकाल एका विद्वानांनी नुकताच दिला. कारणे तीन: तिने साऱ्या भाषांचे शब्द मोठ्या मनाने पोटात घेतले, ती सोपी आहे आणि ती सगळ्यांना येते. खटला संपला!

मोठ्या मनाची गोष्ट आधी पाहू. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट टोळ्या ब्रिटनमध्ये शिरल्या तेव्हा त्यांच्या बोली जर्मानिक कुळातल्या होत्या. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार आणि न्यायालये फ्रेंच-लॅटिनची झाली. इंग्रजी रयतेच्या तोंडी उरली. न्यायालयात इंग्रजीच बोलावी असे सांगणारा कायदा १३६२ मध्ये झाला, तोही फ्रेंचमध्ये लिहिलेला! जज, ज्यूरी, प्रिझन हे शब्द इंग्रजीत पाहुणे म्हणून नव्हे, धनी म्हणून आले. पराभवाला औदार्य म्हणायचे तर आपली मराठी कर्णाचा अवतारच ठरेल. वकील, अर्ज, जमीन फारसीच्या वाटेने आले. बटाटा, चावी पोर्तुगिजांकडून. कारभारात फारसी इतकी माजली की शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. पण तेवढ्यावरून मराठीला कोणी विश्वभाषेच्या पाटावर बसवले नाही. शब्द सत्तेमागून येतात. इंग्रजीही जगभर जहाजे, तोफा आणि नंतर डॉलर यांच्या मागूनच गेली.

सोपी म्हणता? ‘टफ’, ‘दो’, ‘थ्रू’ यांची स्पेलिंगे शेजारी शेजारी लिहून मुलाला समजावून दाखवा. सगळ्यांना येते? जगातल्या बहुसंख्य माणसांना येत नाही. विद्वानांच्या ओळखीतल्यांना येते.

‘संस्कृत हीच इंग्रजीची आई’ म्हणणाऱ्यांनी मात्र इथे टाळ्या पिटू नयेत. भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे सांगितले, आणि ते मूळ कदाचित आता उरलेही नसेल, असेही. आपल्याकडे पहिलाच अर्धा भाग पाठ असतो, आणि तोही चुकीचा.

मग हवे काय? एका भाषेची निवडच नको. झामेनहॉफने १८८७ मध्ये कोणाच्याही मालकीची नसलेली एस्पेरान्तो भाषा रचून पुढे केली. तीही जगाच्या गळी उतरली नाही. संयुक्त राष्ट्रसंघ सहा अधिकृत भाषांत चालतो, युरोपीय संघ चोवीस. परदेशी उतरणाऱ्या वैमानिकाने खुशाल इंग्रजी बोलावे. पण पक्षकाराला त्याचा निकाल आणि रोग्याला त्याचा रोग त्याच्याच भाषेत कळला पाहिजे. एकाच विश्वभाषेवाचून जगाचे नेमके काय अडले, एवढे विद्वानांनी सांगावे. मराठीत सांगितले तरी चालेल.